मोफत प्रशिक्षणाची किंमत

२१ मे २०२४ रोजी कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्याने उजनीच्या जलाशयात उलटली व सहा जीव गेले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या वाट्याला आला तो बुडालेल्यांचा शोध. दलाला दोष देण्याचे कारण नाही. पहिल्या घटकेला हाताशी असतो तो गावकरीच. हे जाणूनच केंद्र सरकारने ३५० जिल्ह्यांत एक लाख ‘आपदा मित्र’ तयार करण्याची योजना आखली. बारा दिवसांचे प्रशिक्षण, तेही मोफत.

परंतु मोफत कोणाला? नीरेकाठच्या सांगवीतील शेतमजुराचे बारा दिवस म्हणजे बारा रोज बुडणे. नोकरदाराचा पगार रजेतही चालू राहतो. मजुराची चूल राहत नाही. ज्याची वस्ती ओढ्याला लागून, ज्याला पाण्याची ओढ अंगाने ठाऊक, नेमका तोच प्रशिक्षणाबाहेर राहतो. (प्रमाणपत्र-वाटपाच्या समारंभाला मात्र पैशाची वानवा नसते.)

तेव्हा प्रशिक्षणाच्या दिवसांना किमान वेतन मिळाले पाहिजे आणि स्त्रियांसाठी वर्ग गावातच भरले पाहिजेत. कार्यकर्त्यांनी हा ठराव पावसाळ्यापूर्वी सांगवीच्या ग्रामसभेत मांडावा.