धंद्याचं टेन्शन एकट्याने गिळू नका, ग्रुप काउन्सेलिंगला जाऊन बघा



उधारी वसुलीच्या व्हिडिओनंतर जे मेसेज आले, त्यातले बरेचसे वसुलीबद्दल नव्हतेच. "सर, रात्री तीनला जाग येते." "घरी अजून सांगितलेलं नाही." यावर माझ्याकडे एक्सेल शीट नाही. पण एक अनुभव आहे आणि त्यातून झालेलं ठाम मत आहे, ते आज लिहितोय.

माझं होजिअरीचं दुकान. तीन वर्षांपूर्वी दिवाळीचा माल मी उधारीवर जरा जास्तच उचलला. नेमकं त्याच वेळी दुकानासमोरच्या रस्त्याचं खोदकाम निघालं आणि ऐन दिवाळीत गिऱ्हाईक फिरकलंच नाही. माल पडून, पार्ट्यांचे रोज फोन. बायकोच्या पाटल्या "लॉकरमध्ये ठेवून येतो" म्हणून नेल्या आणि सोनेतारणात ठेवल्या. सहा महिने हे खोटं सांभाळलं. बीबीए केलेला माणूस, दुसऱ्यांना कॅश फ्लो शिकवणारा! तेच जास्त टोचायचं. दिवसभर गिऱ्हाइकाशी हसून बोलायचो, रात्री शटर ओढलं की गाडीवर तसाच अर्धा तास बसून राहायचो.

तुम्ही म्हणाल, व्यापारी मित्र होते की. होते ना. पण बाजारात पत हेच आपलं भांडवल. "अडचणीत आहे" एवढं तोंडातून गेलं की दुसऱ्या दिवशी सप्लायर म्हणतो, आता माल रोखीनेच. म्हणून मीटिंगमध्ये सगळे "एकदम मस्त चाललंय" म्हणतात. मीही म्हणायचो. मोटिव्हेशनल सेमिनारही केले. (मी स्वतः ट्रेनर आहे, तरी सांगतो.) टाळ्या वाजवून बाहेर आलो की हप्त्याची तारीख दारातच उभी असायची.

शेवटी एका काउन्सेलर मॅडमकडे गेलो. दोन भेटींनंतरही माझ्या डोक्यात एकच: यांना दर महिन्याला पगार मिळतो, यांना काय कळणार? बहुतेक त्यांना ते दिसलं असावं, कारण त्यांनीच ग्रुप सुचवला. आठ जण, दर सोमवारी दुकान बंद असतं तेव्हा, दीड तास, दहा आठवडे. सगळे स्वतःचं काहीतरी चालवणारे. पण एका लाइनचे दोघं नाहीत आणि कोणी कोणाचा सप्लायर नाही. पहिल्याच दिवशी नियम ठरला, इथलं इथेच. म्हणून इतरांचं मी लिहिणार नाही.

पहिले तीन सोमवार मी फक्त सल्ले वाटले. मॅडमनी एकदा थांबवलं, "तुम्ही सगळ्यांचा हिशोब करताय, तुमचा कुठाय?" चौथ्या वेळी पाटल्यांचं बोललो. वाटलं, आता सगळे तोंड वाकडं करणार. मेस चालवणाऱ्या एक ताई (त्यांना विचारूनच लिहितोय) एवढंच म्हणाल्या, "दादा, मी एफडी मोडलीय. घरी माहीत नाही."

कोणी हसलं नाही. कोणी सल्ला दिला नाही.

पुढच्या सोमवारी ताईंना घरी काय बोलायचं याचा सराव करायचा होता. मॅडमनी मला त्यांचा नवरा केलं. समोरून ते वाक्य ऐकलं आणि मला खरोखर राग आला. पण पैशाचा नाही, इतके दिवस लपवल्याचा. त्या रात्री मी घरी सांगितलं. हे मला एकट्या काउन्सेलरसमोर बसून कळलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. आपलीच चूक दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला दुसरा माणूस लागतो.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आयर्विन यालोम यांचं ग्रुप थेरपीवरचं पुस्तक १९७० साली आलं. गटात माणूस कशाने सावरतो याची जी कारणं ते देतात, त्यात एक आहे "हे फक्त माझंच नाही" हे कळणं, आणि एक आहे दुसऱ्याच्या उपयोगी पडणं. कर्जात बुडालेल्याला वाटतं आपण नुसते घेणारे, आपल्याकडे द्यायला काहीच नाही. तिथे ते चुकीचं ठरतं.

हे खूप नवीन खूळ आहे असंही नाही. बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ प्रॅट यांनी १९०५ साली क्षयरोग्यांचे असे वर्ग सुरू केले, तेही ज्यांना सॅनेटोरियमचा खर्च झेपत नव्हता त्यांच्यासाठी. आपल्या पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणमध्येही गटात बोलणं हा व्यसनमुक्तीच्या उपचाराचा भाग आहे. खर्चाचं म्हणाल तर गटाची फी सहसा एकट्याच्या सेशनपेक्षा कमी पडते.

दोन गोष्टी मात्र बघून घ्या. गट चालवणारा माणूस मानसशास्त्र शिकलेला हवा, आणि गटात कोणी कोणाला पॉलिसी किंवा स्कीम विकत असेल तर सरळ उठून या. आणि जीव नकोसा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर गटाची वाट बघू नका. सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. आजच फोन करा आणि डॉक्टरांना भेटा.

बायकोचं काय झालं, असं विचाराल. चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी दुकानात येऊन बसली आणि म्हणाली, उधारीची वही दे इकडे. पाटल्या सोडवायला त्यानंतर चौदा महिने लागले.