चिकूची वाइन आणि डॉक्टरांची परवानगी

अलीकडे दवाखान्यात एक प्रश्न वरचेवर ऐकू येतो. "डॉक्टर, वाइन चालेल ना? फळांचीच असते." विचारणारी मंडळी सज्जन असतात, कधी गुत्त्याची पायरी न चढलेली. रविवारी बोर्डीला किंवा नाशिकला वायनरी पाहायला जायचे ठरलेले असते, बरोबर घरची माणसे असतात आणि जाण्यापूर्वी डॉक्टरांची परवानगी खिशात असावी, एवढीच अपेक्षा असते.

वायनरी पाहायला जाण्याला माझा मुळीच विरोध नाही. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकनाने फळ टिकत नाही. पिकलेला चिकू दोन-चार दिवसांत नरम पडतो आणि बाजारात एकदम माल आला की भाव कोसळतो. बोर्डीच्या हिल झिल वाइन्सने चिकूपासून फेसाळती वाइन काढून 'फ्रुझान्ते' या नावाने बाजारात आणली, तेव्हा मलाही कौतुक वाटले होते. नाशिकला तर १९९९ पासून सुलाने आणि २००१ च्या राज्य सरकारच्या धोरणानंतर इतरांनी द्राक्षाला नवे गिऱ्हाईक मिळवून दिले. बागायतदाराच्या हातात चार पैसे पडत असतील तर कोणाला नको आहेत? माझी तक्रार आहे ती "फळांचीच असते" या सात अक्षरी समजुतीच्या औषधाबद्दल.

आपल्या भागात हे समजावणे खरे तर सोपे आहे. पहाटे उतरवलेली नीरा गोड असते, उन्हे चढली की तीच ताडी होते. झाड तेच, रस तोच. मधल्या वेळात यीस्ट नावाच्या सूक्ष्म जीवांनी साखर खाऊन मद्यार्क तयार केलेला असतो. वाइनमध्येही हेच घडते, फक्त पोलादी टाक्यांत, थंड तापमानाला आणि देखरेखीखाली. चिकूतला चोथा, जो पोटाला खरा उपयोगी, तो गाळताना मागे राहतो. बाटलीत येतो तो मद्यार्क. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा "वाइन म्हणजे दारू नव्हे" असे काही पुढाऱ्यांनी जाहीरपणे सांगितले होते. लिव्हरला भाषणे ऐकू येत नाहीत.

आता थोडे गणित करू. साध्या वाइनमध्ये साधारण १२ टक्के मद्यार्क असतो. ७५० मिलीच्या बाटलीत तो ९० मिली झाला, म्हणजे वजनाने सुमारे ७० ग्रॅम. व्हिस्कीच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये तो सुमारे ६० ग्रॅम असतो. म्हणजे अख्खी क्वार्टर संपवणाऱ्याला आपण दारुडा म्हणतो आणि जेवणाबरोबर वाइनची बाटली संपवणाऱ्याला रसिक! फळांच्या काही वाइन याहून सौम्य असतात, म्हणून बाटलीवर छापलेले टक्के आधी वाचावेत. आणि वाइन चाखणे हा ज्यांचा व्यवसाय आहे ते घोट तोंडात फिरवून थुंकून टाकतात. आपल्याकडे पैसे दिलेले थुंकायची पद्धत नाही!

"रेड वाइन हृदयाला चांगली" हे १९९१ साली एका अमेरिकन टीव्ही कार्यक्रमाने जगभर पोचवले. द्राक्षाच्या सालीतल्या ज्या द्रव्याचा गवगवा झाला, ते पेल्यात इतके अल्प असते की त्यावर भिस्त ठेवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले, की आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. कर्करोगाच्या कारणांच्या यादीत तर मद्य १९८८ पासून आहे आणि त्यात स्त्रियांच्या स्तनाचा कर्करोगही येतो. कोणाला चव म्हणून घ्यायची असेल तर ती त्यांची मर्जी, पण औषध म्हणून माझ्या नावावर घेऊ नये. गरोदर स्त्रियांनी मात्र एक घोटही नको.

मला खरी काळजी वाटते ती मधुमेही मंडळींची. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना, जेवण लांबलेले असताना वाइन पोटात गेली तर रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, कारण मद्यार्क हाताळण्यात गुंतलेले लिव्हर साखर पुरवण्यात कमी पडते. माणसाला घाम सुटतो, हात कापतात, जीभ जड होते, बोलणे असंबद्ध होते. बरोबरचे हसतात, "काकांना चढली" म्हणतात आणि त्यांना गाडीच्या मागच्या सीटवर झोपवतात. हे झोपवणे जिवावर बेतू शकते. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखर किंवा सरबत द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या चालू असतील तर वाइन टाळावी. झोपेच्या आणि सर्दीच्या गोळ्यांबरोबरही नको.

राहिला परतीचा प्रवास. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे. साठ किलोच्या माणसाने उपाशीपोटी एक मोठा पेला घेतला तरी तो या मर्यादेच्या आसपास पोचतो. लिव्हर तासाला जेमतेम सात-आठ ग्रॅम मद्यार्काचा निकाल लावते. लिंबूपाणी, कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ याने तो वेग वाढत नाही. दोघांत एक बाटली झाली तर प्रत्येकाला चार-पाच तास हवेत. नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हारमार्गे संध्याकाळी घाट उतरणाऱ्यांनी हा हिशेब निघण्यापूर्वी करावा. चालक न पिणारा असावा, "थोडीच घेतली आहे" म्हणणारा नव्हे. बोर्डीहून उंबरगावकडे वळणाऱ्यांनी पुढे गुजरातची दारूबंदी आहे हेही ध्यानात ठेवावे. डिकीतली भेटवस्तू तिथे गुन्हा ठरते.

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगार बंधूंना वेगळे सांगायला हवे. सुटीच्या दुपारी वाइन आणि रात्री रिॲक्टरवर पाळी, हे जमणारे नाही. वास गेला, डोके हलके वाटले, तरी हाताची चपळाई आणि निर्णयाची घाई पूर्ववत झालेली नसते, वर झोपही अपुरी. रसायनाच्या कारखान्यात एक व्हॉल्व चुकीचा फिरला तर शेजारच्या चौघांचेही काही खरे नसते. ज्यांची रात्रपाळी असेल त्यांनी वायनरी जरूर पाहावी, टाक्या पाहाव्यात, बागेत फिरावे, चिकू खावेत आणि येताना पेटीभर घरी घेऊन यावेत.