घरचा अभ्यास : चालत किती, सायकलीवर किती?

आई-बाबांनो, दहावीच्या मुलापुढे दोन समीकरणांचे गणित आले की तो वही मिटतो, आणि ‘आम्हाला कुठे बीजगणित येतंय?’ म्हणून आपणही गप्प बसतो. पण हा हिशेब बाजारात तुम्ही करताच. कांदे-बटाट्यांचे एकत्र पैसे सांगितले, तर एकेकाचा भाव कळत नाही. शेजारणीने तेच जिन्नस वेगळ्या वजनात घेतले असतील, तर तिचा हिशेब जोडीला ठेवा. दोन्ही भाव उलगडतील. अज्ञात दोन, म्हणून माहितीही दोन हवी. इतकेच मर्म.

आता वेगाचे गणित पाहा. परीक्षेचे केंद्र १० किलोमीटरवर. सोमवारी मुलगा अर्धा तास सायकलीवर गेला, पंक्चर झाली, पुढे तासभर चालला. मंगळवारी पाऊण तास सायकल चालली, शेवटी पाव तास चालावे लागले. चालण्याचा आणि सायकलीचा वेग दोन्ही दिवशी तोच होता. तर ते वेग किती?

आधी सगळा वेळ एका मापात आणा. मुले चुकतात ती इथेच, तास आणि मिनिटे मिसळून. आपण पाव तासाचे माप घेऊ. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात अज्ञातांना कालक, नीलक अशी रंगांची नावे दिली. आपण क्ष आणि य म्हणू. पाव तासात चालून क्ष किलोमीटर, सायकलीवर य किलोमीटर.

सोमवार : ४क्ष + २य = १०
मंगळवार : क्ष + ३य = १०

मंगळवारच्या ओळीला ४ ने गुणा : ४क्ष + १२य = ४०. त्यातून सोमवारची ओळ वजा करा. क्ष गेला, उरले १०य = ३०. म्हणून य = ३, क्ष = १. म्हणजे तासाला चालून ४ किलोमीटर, सायकलीवर १२.

पडताळा घ्यायला मुलाला सांगाच. सोमवारी सायकलीवर ६ आणि चालून ४, झाले १०. जमले!

आता या उत्तराचा उपयोग. सायकल धड असेल तर वाट ५० मिनिटांची. सगळे चालावे लागले तर अडीच तासांची. पेपर ११ ला आणि अर्धा तास आधी पोचायचे असेल, तर चालत जाणाऱ्याने ८ ला घर सोडावे. ‘पोचेल वेळेवर’ एवढ्या भरवशावर पोराचे वर्ष सोडू नका.

सोडवून ठेवा : नाव प्रवाहाबरोबर २ तासांत २० किलोमीटर आणि प्रवाहाविरुद्ध २ तासांत १२ किलोमीटर जाते. नावेचा संथ पाण्यातला वेग किती, प्रवाहाचा किती? उत्तर पुढच्या अंकी.