वर्गसमीकरणाची वक्ररेषा

क्षवर्ग उणे ३क्ष अधिक २ या राशीचा आलेख काढा, असे सांगितले असता दहावीतील विद्यार्थी काय करतो? तो प्रथम एक कोष्टक आखतो. क्षला ०, १, २, ३ अशा किमती देतो. यच्या किमती अनुक्रमे २, ०, ०, २ येतात. हे चार बिंदू तो आलेख कागदावर मांडतो, पट्टीने जोडतो आणि मोकळा होतो. तयार होते ती सपाट बुडाची परात. १ आणि २ यांच्यामध्ये दीड ही संख्याही आहे, तेथे राशीची किंमत उणे पाव भरते, म्हणजेच रेषा तेथे अक्षाच्या खाली उतरून पुन्हा वर येते, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. त्याला ते कोणी विचारलेले नसते, हे त्याहून खरे. कोष्टक, बिंदू, प्रमाण आणि रेषा यांचे ठरलेले गुण पदरात पडले की आलेखाशी त्याचा संबंध संपला.

शालान्त परीक्षेच्या निकालांची टक्केवारी दरवर्षी आम्ही वृत्तपत्रवाले मोठ्या हौसेने छापतो. त्या टक्केवारीच्या मागे आकलन किती आणि घोकंपट्टी किती, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही. वर्गसमीकरणाचा आलेख हा त्या प्रश्नाचा उत्तम नमुना असल्यामुळेच आज हा काहीसा रुक्ष वाटणारा विषय अग्रलेखासाठी घेण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

आलेख म्हणजे चित्र, अशी एक समजूत आहे. वरवर पाहता ती निरुपद्रवी वाटते, पण सर्व घोटाळा तिच्यातूनच होतो. समजा, कोणी चेंडू सेकंदाला २० मीटर या वेगाने सरळ डोक्यावर फेकला. गुरुत्वाकर्षणाचा हिशेब ढोबळ मानाने धरला तर एका सेकंदानंतर तो १५ मीटरवर असेल, दोन सेकंदांनी २० मीटरवर, तिसऱ्या सेकंदाला पुन्हा १५ मीटरवर आणि चौथ्या सेकंदाला हातात. चेंडू सरळ वर गेला आणि सरळ खाली आला; त्याचा मार्ग ही एक उभी रेषा आहे. मात्र काळ आडव्या अक्षावर आणि उंची उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढला तर डोंगरासारखी कमान उमटते. ही कमान चेंडूच्या वाटेची नव्हे. ती उंची आणि काळ यांच्या नात्याची आहे. गंमत अशी की तिरका फेकलेला दगड खरोखरच, हवेचा अडथळा सोडल्यास, अशाच अन्वस्ताकार वाटेने जातो; गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ते सिद्ध केले. म्हणजे एके ठिकाणी अन्वस्त हा मार्ग आहे, दुसऱ्या ठिकाणी तो केवळ हिशेब आहे. हा भेद ज्याला कळला त्याला आलेख कळला, असे म्हणण्यास आमची हरकत नाही. तो शिकवायला एक चेंडू आणि दहा मिनिटे पुरतात.

नाटकाचे उदाहरण तर आपल्या मातीतलेच आहे. एखाद्या हौशी मंडळाने असा अंदाज बांधला की ५० रुपये दर ठेवला तर ४०० प्रेक्षक येतील आणि तिकिटामागे पाच रुपये वाढले की २० प्रेक्षक घटतील. ५० रुपयांना उत्पन्न २०,००० रुपये. दर दुप्पट करून १०० केला तर प्रेक्षक २०० उरतात आणि उत्पन्न पुन्हा २०,००० रुपयेच! अर्ध्या खुर्च्या रिकाम्या ठेवून चिटणिसांनी मिळवले काय? आलेख काढला की उत्तर समोर उभे राहते. दर शून्य असेल तर ६०० माणसे फुकट नाटक पाहतील, उत्पन्न शून्य. दर १५० असेल तर कोणीच फिरकणार नाही, उत्पन्न पुन्हा शून्य. ही कमान ज्या दोन ठिकाणी अक्षाला टेकते ती ठिकाणे ०  आणि १५०. तेव्हा तिचा माथा बरोबर मध्यावर, ७५ रुपयांवर, असलाच पाहिजे. तेथे प्रेक्षक ३०० आणि उत्पन्न २२,५०० रुपये. सूत्र न घोकता, केवळ कमानीची दोन अंगे सारखी आहेत एवढ्या जाणिवेवर हा निर्णय हाती येतो. आता नाटकाचा दर्जा या हिशेबात कोठे बसतो, हे आम्हांला विचारू नये.

ही मध्यावरची दृष्टी आपल्याला परकी नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तील बीजगणितात वर्गसमीकरण सोडविण्याच्या रीतीस ‘मध्यमाहरण’ असे नाव आहे. मध्यमाहरण म्हणजे मधल्या पदाचे हरण. तेथील वानरांचे गणित जुन्या मंडळींना आठवत असेल: कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग करावा तितकी वानरे वनात खेळत आहेत आणि उरलेली बारा टेकडीवर आहेत, तर एकूण किती? समीकरण मांडले तर क्षवर्ग उणे ६४क्ष अधिक ७६८ बरोबर शून्य असे येते. यातील अडचण आहे ती मधल्या ६४क्षची. ६४चे निम्मे ३२. क्ष उणे ३२ यांचा वर्ग केला की मधले पद त्या वर्गाच्या पोटात जाते आणि शिल्लक राहते एवढेच की हा वर्ग २५६ इतका आहे. २५६चे मूळ १६. म्हणून ३२च्या अलीकडे १६ पावले गेलात तर १६ वानरे आणि पलीकडे १६ पावले गेलात तर ४८ वानरे. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत.

मागे असेच सूत्र श्रीधराचार्यांचे होते आणि भास्कराचार्यांनी तो ऋणनिर्देश केला आहे. अक्ष आणि आलेख त्यांच्यापाशी नव्हते. बीजगणित आणि भूमिती यांची ती सांगड देकार्तच्या १६३७ सालच्या ग्रंथाने युरोपात घातली. परंतु मध्यमाहरणाचा आलेख काढून पाहिला तर काय दिसते? मधले पद काढून टाकणे म्हणजे अन्वस्ताचा कणा कोठे आहे ते शोधणे. वानरांच्या आलेखाचा तळ ३२वर आहे, उणे २५६ इतका खोल आहे, आणि दोन्ही उत्तरे त्या कण्यापासून सारख्या अंतरावर आहेत. विवेचक ऋण आला की ‘वास्तव मुळे नाहीत’ असे विद्यार्थी लिहून टाकतो. आलेख ज्याला दिसतो त्याला कळते की वर तोंड केलेली ही वाटी अक्षापर्यंत खाली पोचलीच नाही, किंवा पालथी असेल तर अक्षापर्यंत वर चढली नाही.

एका गोष्टीचा विषाद आम्हांस येथे नमूद करणे प्राप्त आहे. देशातील अनेक मंडळे कमीअधिक प्रमाणात जिचा कित्ता गिरवतात, त्या एनसीईआरटीने २०२२ साली विद्यार्थ्यांवरील भार हलका करण्यासाठी काही पाठ्यांश वगळले. दहावीच्या गणितातून जे गेले त्यात पूर्ण वर्ग करून वर्गसमीकरण सोडविण्याची रीत आहे. सूत्र राहिले, सूत्र जेथून येते ती वाट गेली. भार हलका करण्याचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. महामारीने दोन वर्षांचे शिक्षण विस्कटले होते आणि काहीतरी कमी करणे भागच होते. पण ओझे उतरवताना वाटाड्याच खाली उतरवला गेला, त्याचे काय? सूत्र पाठ करणे हेच तर खरे ओझे होते.

गोमंतकात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. प्राथमिक शाळेत मराठी किंवा कोंकणीतून बेरीज-वजाबाकी शिकलेले मूल पाचवीपासून बहुधा इंग्रजीच्या स्वाधीन होते. दहावीत ‘पॅराबोला’ हा शब्द त्याच्यासमोर येतो तो नुसता आवाज म्हणून. ‘अन्वस्त’ हा पर्याय त्याने ऐकलेला नसतो, आणि प्रांजळपणे सांगायचे तर तो ऐकूनही फारसा उजेड पडेल असे नाही. उजेड पडेल तो शिक्षकाने घरच्या भाषेत ‘वाटी’, ‘कमान’, ‘माथा’, ‘कणा’ असे शब्द वापरले तर. परीक्षेची भाषा इंग्रजी असली म्हणून समजावण्याची भाषाही तीच असली पाहिजे, हा दंडक कोणी घातला? चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८चा शिलालेख भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने स्थापिलेल्या मठाची नोंद करतो. त्यातील पांडित्याचा भाग संस्कृतात आहे, परंतु मठाला कोणी काय द्यायचे हा व्यवहार मराठीत कोरला आहे. लोकांना समजावे असे जे वाटले ते त्यांनी लोकांच्या भाषेत लिहिले.

शालान्त मंडळाकडे आमची मागणी मोठी नाही. आलेख काढण्याऐवजी काढलेला आलेख विद्यार्थ्यापुढे ठेवावा आणि विचारावे: हे नाट्यमंडळाचे उत्पन्न आहे, दर ६० ठेवावा की ९०, आणि का? कण्यापासून दोन्ही सारख्याच अंतरावर असल्यामुळे उत्पन्न दोन्हीकडे २१,६०० रुपयेच येते. मग ३६० प्रेक्षक बरे की २४०, हे ज्याचे त्याने लिहावे. अशा प्रश्नाला चार गुण ठेवले तर पुढील वर्षापासून शिकवण्या घेणारेही वर्गात चेंडू घेऊन येऊ लागतील.