धूर डोळ्यांत जातो का?

दसरा झाला की घरोघर माळे आवरायला निघतात आणि जुने कागद रद्दीच्या तराजूत पडतात. यंदा त्या तराजूतून काही पत्रे वाचली, त्याची ही हकीगत.

माझा एक विद्यार्थी चाकणजवळच्या महाळुंग्याचा. गावाभोवती आता कारखाने. त्याचेही कौलारू घर पाडून स्लॅबचे व्हायचे आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत पणजोबांची पत्रे निघाली. पणजोबा मराठा पलटणीत, १९४४ साली इटलीच्या आघाडीवर. "सर, पणजीला लिहिलेली प्रेमपत्रे!" म्हणत तो मला घेऊन गेला.

पाहतो तो पणजीला लिहिलेले एकही पत्र नाही! सगळी 'तीर्थरूप वडिलांस'. बायकोला उघड पत्र लिहिणे तेव्हा निलाजरेपणाचे. शिवाय आधी पलटणीतला सेन्सॉर वाचणार, मग गावचे मास्तर साऱ्या घराला वाचून दाखवणार. विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. पण चौथ्या पत्राशी मी थबकलो. बैलांची चौकशी एकदा, आईच्या दम्याची दोनदा. स्वयंपाकघरावरची कौले शाकारली का, धूर डोळ्यांत जातो का, ही मात्र प्रत्येक पत्रात. घरात नवी सून चुलीपुढे बसत होती.

पत्रांना लॅमिनेशन करायचा त्याचा बेत मी हाणून पाडला. तापवून चिकटवलेले प्लास्टिक पुन्हा निघत नाही. गंजक्या टाचण्या तेवढ्या काढल्या, फोटो घेतले, आणि पत्रे आम्लरहित कागदात घालून कोरड्या, अंधाऱ्या कपाटात ठेवायला सांगितली. पाकिटे तर तो फेकणारच होता! अहो, शिपायाला ठिकाण लिहायची बंदी; तो कुठे होता याचा माग लष्करी टपालाच्या शिक्क्यावरूनच लागायचा.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या हिंदी शिपायांच्या पत्रांतले उतारे सेन्सॉरच्या कचेरीने इंग्रजीत उतरवून घेतले. ते अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रे गावोगाव गेली आणि बहुतेक हरवली. आपल्याच माणसांचे मन परक्या सेन्सॉरच्या कृपेने वाचायचे, तेही इंग्रजीत!

विद्यार्थ्याची आजी दारात उभी राहून ऐकत होती. मी विचारले, "आजी, मग कौलं शाकारली का हो कुणी?"

"कुणी न्हाई. मामंजी लढाईवरनं आले अन् दुसऱ्या दिशी सोताच शिडी लावून चढले, असं सासूबाई सांगायच्या."

पुढच्या महिन्यात ती कौले उतरायची आहेत.