चाक कुणाच्या हाती?

‘बायकांना गाडी जमत नाही’ म्हणणाऱ्यांना फ्रान्सच्या मिशेल मुतोंचं नाव सांगावं. १९७५ मध्ये ल मां इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत तिच्यासह तीन बायकांनी आपला गट जिंकला. १९८१ मध्ये तिने सान रेमोची जागतिक रॅली जिंकली. शेजारी बसून वाट सांगणारी फाब्रित्सिया पॉन्सही बाईच. १९८२ मध्ये आणखी तीन रॅली जिंकून ती जगात दुसरी आली. १९८५ मध्ये अमेरिकेतली पाइक्स पीकची डोंगरचढण तिने विक्रमी वेळेत जिंकली.

तिच्यानंतर एकाही बाईने जागतिक अजिंक्यपदाची रॅली जिंकलेली नाही. मग बायका कमी पडल्या का? मिशेलला रॅलीची गाडी वडिलांनी घेऊन दिली होती. किती घरांत मुलीच्या अशा हौसेसाठी पैसा निघतो? एकटीचं कौतुक पुरे. मैत्रिणींनो, हा प्रश्न विचारायला हवा.