फॉरमॅट म्हणजे दुरुस्ती नव्हे

भीमाकाठी, शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या सीमेवर असलेल्या मांडवगण फराटा परिसरात बाजाराची नाडी उसाच्या बिलावर चालते. खते, सिमेंट, कपडा, वेल्डिंगचे काम, ट्रॅक्टरची दुरुस्ती यांतले बरेचसे उधारीवर जाते आणि बिल हाती पडले की वसूल होते. पूर्वी ही उधारी लाल वहीत असे. आज ती संगणकात असते आणि तिची नक्कल एका लहानशा बाह्य हार्ड डिस्कमध्ये असते. वहीला उंदीर लागला तरी अर्धी पाने उरत. डिस्क रुसली तर एकही पान उघडत नाही.

अशा वेळी बहुतेक जण काय करतात? डिस्क जोडली की पडद्यावर सूचना येते, ‘वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करा’. दुकानातला पोरगा घाईने ‘होय’ दाबतो आणि डिस्क पुन्हा नव्यासारखी चालू लागते. पण ती रिकामी असते! आमचे स्पष्ट मत आहे की फॉरमॅट ही दुरुस्ती नव्हे. दुकानाचे कुलूप अडकले म्हणून कोणी आतला माल जाळत नाही. नवी डिस्क काही हजारांत मिळते, सहा महिन्यांची उधारी कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

डिस्क दिसेनाशी झाली म्हणजे ती मेलीच असे समजू नये. पुष्कळदा दोष केबलचा किंवा विजेचा असतो. खिशात मावणारी डिस्क आपली वीज यूएसबीच्या तोंडातूनच घेते. जुन्या यूएसबी २.० मधून ५०० मिलिअँपिअर, तर ३.० मधून ९०० मिलिअँपिअर वीज मिळते. डिस्कची चकती फिरायला लागताना वीज अधिक लागते. ती कमी पडली की डिस्क नुसती टिकटिक करते किंवा दिसून पुन्हा नाहीशी होते. म्हणून प्रथम केबल बदलावी. डबीच्या पुढच्या बाजूचे तोंड सोडून मागचे वापरावे. मोठ्या डिस्कला स्वतंत्र अ‍ॅडॅप्टर असतो, तोही तपासावा. मग दुसऱ्या संगणकाला जोडून पाहावी. एवढ्यानेही डिस्क दिसली नाही तर विंडोजमधील ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. तेथे डिस्क दिसत असेल आणि फक्त तिचे अक्षर गेले असेल, तर नवे अक्षर दिल्याने काम भागते. पण तेथे ‘इनिशिअलाइझ’ करण्याविषयी विचारले, किंवा डिस्कपुढे ‘रॉ’ असे लिहिलेले दिसले, तर हात आवरावा. चेकडिस्कही चालवू नये, कारण ती डिस्कवर लिहिते आणि आजारी डिस्कवर लिहिणे म्हणजे जखमेवर घाव घालणे होय. वाचता येते तेवढे आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावे, मग उपचार करावेत.

केबल बदलूनही कट-कट आवाज येत असेल तर वाचणारा काटा बिघडल्याची शंका घ्यावी आणि वीज लगेच बंद करावी. पुन:पुन्हा चालू करून पाहिल्यास चकतीवर ओरखडे पडतात. डिस्क घरी उघडू नये, धुळीचा एक कण पुरेसा होतो. हे काम धूळरहित खोली असलेल्या जाणकारांचे आहे. त्यासाठी पुण्याला जाण्यात एक दिवस मोडला तरी चालेल.

दुरुस्ती करणाऱ्या आपल्या भावांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. गिऱ्हाइकाची डिस्क ही अमानत आहे. आतील मजकूर हवा की नको हे आधी विचारावे आणि लेखी संमतीशिवाय फॉरमॅट करू नये. फोटोवाल्याकडील लग्नाचे फोटो, भरतकाम करणाऱ्याची डिझाइने, फ्लेक्स छापणाऱ्याच्या फायली यांचीही गोष्ट तीच. लग्न काही पुन्हा लागत नाही.

मात्र खरी चूक बिघाडाच्या आधीच झालेली असते. संगणकातून काढून एकाच डिस्कवर ठेवलेला माल म्हणजे नक्कल नव्हे, तो एकुलता एक माल आहे. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी लोकांपुढे मांडलेला नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी. एक डिस्क दुकानात, एक घरी, एवढे तर कोणालाही जमेल. दुकानातील डिस्क कायम जोडून ठेवू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या विषाणूने जगभरातील संगणकांवरील फायलींना कुलूप लावले, तेव्हा जोडून ठेवलेल्या डिस्कही त्याच्या तावडीत सापडत होत्या. वीज वारंवार जाते-येते तेथे संगणकाला यूपीएस लावावा, आणि डिस्क काढताना ‘सेफली रिमूव्ह’ करूनच काढावी.

सरकारही हा हिशेब मागते. जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. तेव्हा ‘डिस्क बिघडली’ या सबबीवर विसंबून राहता येणार नाही.

दर शुक्रवारी दुकान उघडण्यापूर्वी दहा मिनिटे काढून नक्कल घ्यावी आणि महिन्यातून एकदा ती उघडून पाहावी. न उघडलेली नक्कल ही न मोजलेल्या गल्ल्यासारखी असते. गल्ला मोजल्याशिवाय घरी न जाणाऱ्या व्यापाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.